मायची दाढ काढली, जखम भरेना, गाल बधिर झालाय. तुकडा तपासायला द्यावा का?

«मॅडम, गेवराई तालुक्यातून लिहितोय. माझी माय ५८ वर्षांची आहे. ९ वर्षांपासून शुगर आहे. गोळ्या चालू आहेत, पण शेतात कामं निघाली की कधी घेती, कधी राहून जातं. गुडघे दुखतात म्हणून दोन महिन्यांपासून एका माणसाकडून पुड्या आणून घेती, त्यानं गुडघे एकदम मोकळे झाले. महिनाभरापूर्वी डाव्या बाजूची वरची दाढ दुखायली, मग हलायली. दातांच्या डॉक्टरांनी काढली. त्याला ३ आठवडे झाले, खड्डा भरेना. आता डावा गाल बधिर झालाय, कपातला चहा ओठाला लागलेला कळत नाही म्हणती. नाकातून काळपट खपल्या पडायल्यात, घाण वास येतो. गावातल्या डॉक्टरांनी सायनस म्हणून गोळ्या दिल्या. नाकाचा स्वॅब तपासला, त्यात बुरशी निघाली नाही. बीडच्या एका डॉक्टरांनी मात्र नाकातला तुकडा काढून तपासायला सांगितलंय. मामा म्हणतात, काळी बुरशी कोरोनात होती, आता कुठून येणार. आणि चाकू लावला की रोग पसरतो. माझी ४ वर्षांची मुलगी आजीच्या कुशीतच झोपती, तिला होईल का? काल शुगर ४१२ आली. सोयाबीनची फवारणी चालू आहे, पुढच्या आठवड्यात न्यावं म्हणतो. तुकडा काढावा का नाही, एवढं सांगा.»

तुमच्या पत्रातली «पुढच्या आठवड्यात न्यावं म्हणतो» ही ओळ वाचली आणि उत्तर लिहायला बसायच्या ऐवजी पत्राखालच्या नंबरवर फोन लावला. सदरातलं उत्तर छापून येईपर्यंत आठ-दहा दिवस जातात. तुमच्या मायकडे ते नव्हते. तुम्ही फवारणीचा पंप तसाच बांधावर ठेवून त्याच रात्री तिला मेडिकल कॉलेजला घेऊन गेलात, दुसऱ्या दिवशी तुकडा काढला, तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. आज त्याला नऊ दिवस होतायत. त्यानंतर तुम्ही मोबाइलवर जे प्रश्न पाठवत राहिलात, त्यांची उत्तरं मी तुटक तुटक दिली. ती आता नीट लिहिते, कारण अशी दाढ, असा गाल आणि अशी पुडी मराठवाड्यात तुमच्याच घरात आहे असं नाही.

फोनवर मी एवढी घाई का केली ते आधी सांगते. मधुमेहाच्या माणसाची वरच्या जबड्यातली दाढ आपोआप हलायला लागते, काढल्यावर खड्डा भरत नाही, त्याच बाजूचा गाल बधिर होतो आणि त्याच बाजूच्या नाकपुडीतून काळं काही येतं. हे सगळं एका बाजूला आणि एका माणसात दिसलं, की म्युकरमायकोसिस, म्हणजे मामा म्हणतात ती काळी बुरशी, धरूनच चालायचं. तपासणीत नाही निघालं तर देवाला नारळ फोडा. पण वाट बघत बसायचं नाही. साध्या सायनसनं नाक चोंदतं, डोकं जड होतं, पण गालाची जाणीव जात नाही. तुमच्या मायला चहाचा कप कळत नव्हता, म्हणजे डोळ्याखालून गालाकडे येणारी नस कामातून गेली होती. तुमच्या पत्रातल्या त्या एका ओळीनं मला ४१२ पेक्षा जास्त घाबरवलं.

आता मामा. त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. हा रोग बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकला तो २०२१ च्या मे महिन्यात. २० मे रोजी केंद्र सरकारनं राज्यांना तो साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं आणि जूनअखेर देशात ४०,००० च्या वर रुग्णांची नोंद झाली होती. पण त्या रुग्णांतल्या निम्म्याहून अधिक जणांना मधुमेह होता आणि निम्म्याहून अधिक जणांना स्टेरॉइड दिलेलं होतं, हे मामांच्या कानावर आलं नसणार. कोरोना गेला. वाढलेली शुगर आणि स्टेरॉइड कुठं गेलंय? माणसातल्या या रोगाचं वर्णन पाल्टाऊफ नावाच्या डॉक्टरनं १८८५ साली केलंय, आणि आपल्याकडे कोरोनाच्या आधीही हे रुग्ण दरवर्षी यायचे, मुख्यतः शुगरवालेच. तेव्हा बातमी होत नव्हती एवढंच.

«काळी बुरशी» हे नावही फसवं आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत ती वाढते तेव्हा पांढरट-करडी, कापसासारखी दिसते. काळं असतं ते आपलं मेलेलं मांस. तिचे बीजाणू, म्हणजे डोळ्याला न दिसणारं बी, उकिरड्यात, शेणखतात, भिजलेल्या कडब्यात, सडक्या फळांत, टोपल्यात राहिलेल्या शिळ्या भाकरीवर, सगळीकडे असतात. (कांद्याच्या सालीवरची काळी पूड ती ही नव्हे. त्यावरून त्या वर्षी घराघरांत कांदे फेकून दिले, ते फुकट गेले.) तुमच्या मायच्या नाकात गेले तेवढेच बीजाणू तुमच्याही नाकात गेलेत. तुमच्या अंगातल्या पांढऱ्या पेशी त्यांना तिथंच मारतात. शुगर महिनोन्महिने चढी राहिली की याच पेशी सुस्तावतात. शुगर आणखी चढून रक्तात किटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) साठले, रक्त आंबट झालं, की रक्तातलं जे लोह एरवी एका प्रथिनानं घट्ट धरून ठेवलेलं असतं ते सुटं होतं. या बुरशीला लोह म्हणजे खुराक. भरती केल्यावर मायच्या लघवीत किटोन निघाले होते, हे तुम्हीच कळवलंत. श्वास जोरात चालायचा, पोटात मळमळायचं, ते त्याचंच.

यातच तुमच्या मुलीचं उत्तर आलं. हा रोग माणसाकडून माणसाला लागत नाही. आजीच्या कुशीत झोपून, तिच्या ताटात जेवून काही होत नाही. नातीला दवाखान्यात नेऊ नका ते वेगळ्या कारणानं, तिथं इतर जंतू असतात म्हणून. घरी आल्यावर तिला आजीजवळ खुशाल झोपू द्या.

«चाकू लावला की पसरतं» या समजावर मात्र मला जरा थांबायचंय, कारण यापायी माणसं गेलेली मी पाहिलीत. ही बुरशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून आत घुसते. आत रक्ताची गुठळी होते. पाटात माती ढासळली की पुढचा वाफा कसा वाळतो? तसा पुढचा सगळा भाग रक्तावाचून मरतो. औषध कितीही भारी असलं तरी तेही त्याच पाटानं जाणार. वाळलेल्या वाफ्यात ते पोचतच नाही, आणि बुरशी तिथं निवांत वाढते. म्हणून मेलेला भाग कापून काढावा लागतो, जिवंत, रक्त येणाऱ्या मांसापर्यंत. कापल्यानं रोग पसरत नाही. उशिरा कापलं तर तो आधीच पसरलेला सापडतो, आणि लोकांना वाटतं, कापल्यावर पसरला. बऱ्याच रुग्णांना दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा टेबलावर घ्यावं लागतं. तसं झालं तर पहिली शस्त्रक्रिया फसली असं समजू नका. नवीन काही काळं पडतंय का, हे नाकात दुर्बीण घालून वरचेवर बघायचंच असतं.

तुकडा काढतात म्हणजे नेमकं काय, हे त्या दिवशी तुम्ही दाराबाहेर उभे होतात म्हणून तुम्हाला दिसलं नाही. नाकाचे डॉक्टर बोटाहून बारीक दुर्बीण नाकपुडीत घालतात. चांगली त्वचा आतून गुलाबी असते. तिला टोकदार काही लागलं की दुखतं आणि रक्त येतं. मेलेली करडी किंवा काळी दिसते, टोचलं तरी माणूस हूं की चूं करत नाही आणि रक्ताचा थेंब येत नाही. त्या कडेचा डाळीएवढा तुकडा काढतात. तो दोन डब्यांत जायला हवा. एका डब्यात फॉर्मालिन (तुकडा सडू न देणारं रसायन), तो पेशी तपासणाऱ्या पॅथॉलॉजीला. दुसऱ्यात साधं सलाइन, तो जंतू तपासणाऱ्या मायक्रोबायोलॉजीला. हे मी मुद्दाम सांगते, कारण घाईत सगळाच तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकला जातो आणि मग बुरशी वाढवून बघायची सोयच राहत नाही, फॉर्मालिननं ती मरते. तुमच्या कोणाच्या घरी अशी वेळ आलीच तर सिस्टरला नम्रपणे विचारा, «दोन डबे केलेत ना?» कोणी चिडलं तर चिडू द्या.

सलाइनमधला तुकडा काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकतात. त्यानं आपल्या पेशी विरघळतात, बुरशी शिल्लक राहते. सूक्ष्मदर्शकाखाली म्युकरचे धागे रुंद, चपट्या फितीसारखे, वेडेवाकडे दिसतात, आत आडवे पडदे जवळपास नसतात, आणि फांदी काटकोनासारखी आडवी फुटते. नाकातली दुसरी बुरशी, ॲस्परजिलस, बारीक असते, तिच्यात पडदे असतात आणि फांद्या इंग्रजी व्हीसारख्या निघतात. हा रिपोर्ट काही तासांत मिळतो. त्यावर औषध सुरू करायचं असतं. बशीत वाढवण्याच्या तपासणीला दिवस लागतात, आणि खरा रोग असूनही पुष्कळदा काहीच उगवत नाही, कारण प्रयोगशाळेत तुकडा खूप बारीक कुटला तर हे नाजूक धागे तुटून मरतात. तुमच्या मायचं तेच झालं: थेंबाच्या तपासणीत बुरशी, बशीत काही नाही. दोन रिपोर्ट एकमेकांशी भांडतायत असं तुम्हाला वाटलं. ते भांडत नाहीत.

स्वॅबचं म्हणाल तर कापसाची काडी नाकात फिरवून या रोगाबद्दल काहीच ठरवता येत नाही. बुरशी मांसात आणि रक्तवाहिनीत असते, काडी वरवर फिरते. नाही निघाली तरी रोग असू शकतो. आणि निघाली तरी ती श्वासातून आलेली असू शकते. रक्तातून बुरशी शोधायच्या ज्या तपासण्या आहेत, गॅलॅक्टोमॅनन वगैरे, त्याही म्युकर पकडत नाहीत. तेव्हा कोणी महागडी रक्ततपासणी करून «बुरशी नाही» असा कागद हातात दिला तर त्यावर विसंबू नका. सीटी स्कॅनमध्ये हाड किती खाल्लंय ते कळतं, एमआरआयमध्ये डोळ्याकडे आणि मेंदूकडे किती सरकलंय ते. पण स्कॅनसाठी तुकडा थांबवायचा नाही.

ॲस्परजिलस आणि म्युकर वेगळे ओळखण्याचा एवढा आटापिटा कशाला? औषधासाठी. ॲस्परजिलसवर व्होरिकोनाझोल उत्तम चालतं, म्युकरवर ते पाण्यासारखं आहे. नायट्यासाठी आणि अंगावरच्या पांढऱ्या पाण्यासाठी मेडिकलवरून जी फ्लुकोनाझोलची गोळी लोक आणतात, तिचाही काही उपयोग नाही. «बुरशीची गोळी चालू आहे» या समाधानात आठवडा जातो, आणि या रोगात आठवड्याभरात नाकातून डोळा आणि डोळ्यातून मेंदू एवढा प्रवास होऊ शकतो.

हे मी कोणाकडे बोट दाखवून लिहीत नाही. २०२१ च्या जूनमध्ये मी ज्या रुग्णालयात होते तिथं माजलगावकडचे एक गृहस्थ वरचे दोन दात हलतायत म्हणून आले. वॉर्ड भरलेला, माझी तिसरी रात्र. शुगर बघितली, इन्सुलिनचं लिहून दिलं, म्हटलं, दातांच्या डॉक्टरांना दाखवा. गालाला हात लावून बघितला नाही. पाचव्या दिवशी ते परत आले तेव्हा उजवी पापणी पडली होती. जीव वाचला, डोळा काढावा लागला. तेव्हापासून शुगरच्या प्रत्येक पेशंटच्या दोन्ही गालांवर मी कापसाचा बोळा फिरवते आणि विचारते, दोन्हीकडे सारखंच लागतंय का? पाच सेकंद लागतात.

घरीही करता येतं ते. शुगर तीनशेच्या वर राहतेय आणि नाक-दात-डोळा-गाल यांतलं काही एका बाजूला दुखतंय, तर कापूस फिरवा. तोंड उघडायला लावून मोबाइलच्या उजेडात टाळू बघा: काळा किंवा राखाडी डाग, किंवा पांढरं पडलेलं हाड दिसतंय का? एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचायला लावा. पापणी पडणं, एकाचे दोन दिसणं, डोळा बाहेर आल्यासारखा वाटणं, यांतलं काही असेल तर सकाळची वाटही बघायची नाही.

आता तुमच्या सासऱ्यांनी वॉर्डात जो गोंधळ घातला त्याबद्दल. «शुगरच्या बाईला ग्लुकोजची बाटली कामून लावली?» म्हणून ते सिस्टरवर ओरडले, असं तुम्ही ओशाळून लिहिलंत. ओशाळू नका, दर दुसरा नातेवाईक हे विचारतो. या बुरशीवरचं मुख्य औषध ॲम्फोटेरिसिन. ते मिठाच्या सलाइनमध्ये घातलं तर बिघडतं, त्याचा साका होऊन खाली बसतो. ते पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच, म्हणजे ग्लुकोजच्या पाण्यातच, द्यावं लागतं. अडीचशे मिलीच्या बाटलीत साडेबारा ग्रॅम ग्लुकोज असतं. तुमच्या सासऱ्यांच्या एका भाकरीतून याहून कितीतरी जास्त जातं. तेवढ्यापुरतं इन्सुलिन वाढवतात. ती बाटली बंद पाडणं म्हणजे औषध बंद पाडणं.

औषध लायपोसोमल प्रकारचं, म्हणजे चरबीच्या बारीक कणांत भरलेलं, मिळालंय हे चांगलं झालं. ते वजनावर ठरतं, किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम. मायचं वजन ५० किलो, म्हणजे दिवसाला २५० मिलिग्रॅम, ५० मिलिग्रॅमच्या पाच व्हायल. मेंदूपर्यंत गेलं असतं तर डोस याहून वाढवावा लागला असता. साधं ॲम्फोटेरिसिन स्वस्त आहे आणि बुरशीवर चालतं, पण मूत्रपिंडाला जास्त जाचतं, आणि शुगरच्या माणसाची मूत्रपिंडं आधीच नाजूक. लायपोसोमलनंही त्रास होतो, कमी होतो. म्हणून आधी सलाइन देऊन शरीरात पाणी भरून घेतात, मग औषध हळूहळू सोडतात. थंडी वाजून हुडहुडी भरते, ताप येतो. तुम्ही घाबरून फोन केलात ती हीच हुडहुडी होती. सिस्टरला लगेच सांगायचं, त्यावर औषधं असतात. क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियमसाठी वरचेवर रक्त काढतील, «रोज किती रक्त काढता» म्हणून अडवू नका. या औषधानं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घसरतं, पायात जीव राहत नाही, हृदयाचे ठोके चुकू शकतात. शहाळं पाजू का विचारलंत, तर आपल्या मनानं नको. क्रिएटिनिन वाढलेलं असताना उलट पोटॅशियम चढूही शकतं. त्या दिवशीचा रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतील.

(एक गंमत सांगते, वॉर्डात बसून वेळ जात नसेल तर मामांना ऐकवा. ॲम्फोटेरिसिन मातीतूनच आलंय. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून ते १९५० च्या दशकात काढलं. रोगही मातीतला, औषधही मातीतलं.)

हे इंजेक्शन काही आठवडे चालेल. किती, ते दुर्बिणीत काय दिसतं आणि एमआरआय काय म्हणतो त्यावर. नंतर पोसाकोनाझोलच्या किंवा आयसाव्युकोनाझोलच्या गोळ्या, त्या काही महिने. पोसाकोनाझोलची गोळी जेवणासोबत आणि अख्खी गिळायची, कुटून पाण्यात द्यायची नाही. मायची कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना दाखवा, दोन्ही एकत्र घेतल्या तर त्या गोळीचा अंमल धोकादायक वाढतो.

पैशांचं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हा आजार २०२१ च्या मे महिन्यात घेतला गेला. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठा. तो कुठं बसतो ते भरती झाल्या दिवशीच विचारायचं असतं, बिल झाल्यावर नव्हे. आपल्या भागात या रोगाला लागणारी सगळी माणसं, म्हणजे नाक-कान-घसा, जबडा, डोळे, भूल आणि प्रयोगशाळा, एका आवारात मिळायची शक्यता मेडिकल कॉलेजातच जास्त: संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरीचं, लातूरचं विलासराव देशमुख. एकेक डॉक्टर गाठत चार गावं फिरण्यात दिवस घालवू नका.

राहिली पुडी. दवाखान्यात तुम्ही ती दाखवलीच नव्हती, मी फोनवर विचारलं तेव्हा खिशातून काढलीत. ज्या पुडीनं दोन दिवसांत गुडघे मोकळे होतात, भूक वाढते, चेहरा गोल होतो आणि शुगर मात्र आवरत नाही, तिच्यात स्टेरॉइड असल्याचा संशय घ्यायलाच हवा. कागदावर नाव नाही, गाव नाही, म्हणून खात्रीनं मी सांगू शकत नाही. पण कोरोनात स्टेरॉइडनं जे केलं तेच इथं पुडीनं केलं असेल, असं मला राहून राहून वाटतं. आणि इथं एक गोष्ट उलटी आहे, नीट वाचा. महिनोन्महिने अशी पुडी घेतलेल्या माणसानं ती घरच्या घरी एकदम बंद करायची नाही. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. अचानक तोडलं, त्यात शस्त्रक्रिया आली, तर रक्तदाब कोसळू शकतो. पुडी डॉक्टरांच्या हातात द्यायची. ते शिव्या देतील, मग कमी करत आणतील. गावातल्या त्या माणसाशी भांडण काढायचं का, हे तुम्ही ठरवा. मी असते तर काढलं असतं.

इन्सुलिनची «सवय लागते» म्हणून बहिणीनं हट्ट धरलाय की घरी गेल्यावर गोळ्याच चालू करा. नको. जखम भरेपर्यंत तरी इन्सुलिनच हवं, आणि पुढं काय ते शुगरचे आकडे सांगतील. सवय वगैरे काही लागत नाही. शरीरात जे कमी आहे ते भरून काढतो आपण. शुगरच्या काही नव्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. चांगल्या आहेत, पण आजारपणात, उपाशीपोटी, शस्त्रक्रियेच्या वेळी त्या चालू राहिल्या तर शुगर दोनशेच्या आत दिसत असतानाही किटोन वाढू शकतात. मायच्या जुन्या चिठ्ठीवर तसं नाव असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय परत सुरू करू नका.

टाळूचा डावा भाग काढलाय, म्हणून सध्या नाकातल्या नळीनं खाणं चाललंय आणि बोलणं नाकातून येतंय. माय लाजून बोलायचंच टाळते असं लिहिलंत. जखम जरा बसली की दातांचे डॉक्टर माप घेऊन एक प्लेट करून देतात, कवळीसारखी. ती भोक झाकते. ती बसवली की बोलणं बरंच स्पष्ट होतं आणि घास नाकात जात नाही. जखम आक्रसत जाते तशी प्लेट बदलावी लागते, पहिली ढिली झाली म्हणून वैतागू नका. रोज काढून धुवायची, खाल्ल्यावर चूळ भरायची. भाकरी कधी, तर नळी निघाल्यावर, वरणात अगदी मऊ कुस्करून, उजव्या बाजूनं.

तुमचा शेवटचा मेसेज काल रात्रीचा. माय विचारती, महालक्ष्म्यांना मी घरी असेन का? मुखवटे तिच्या सासूनं दिलेले, सोळा भाज्या तिच्या हातच्या. बहिणीनं तिला सांगितलं, आठ दिवसांत सुट्टी होणार. असं सांगू नका. इंजेक्शनं त्याच्या पुढंही जातील असं मला दिसतंय, आणि सुट्टी झाली तरी ती चुलीपुढं बसायच्या स्थितीत नसेल. खोटी तारीख दिली की ती तारीख उलटल्यावर माणूस औषधालाही नाही म्हणतो, हे मी बघितलंय. खरं सांगा, आणि त्या दिवशी तुमच्या बायकोला मुखवटे बसवताना व्हिडिओ कॉल लावायला सांगा. पुरणात वेलदोडा किती, साडीच्या निऱ्या कशा, सगळं माय नाकातल्या आवाजात सांगेल. लाज बाजूला ठेवून बोलायला तिला तेवढं कारण पुरेल.